लॅपटॉपसोबत आलेला अँटिव्हायरस : ठेवावा की काढावा?

नव्या लॅपटॉपमध्ये काही महिन्यांसाठी मोफत मिळालेला अँटिव्हायरस मुदतीनंतर पैसे भरून चालू ठेवावा, की तो काढून विंडोजच्या अंगभूत डिफेंडरवर विसंबावे, हा प्रश्न सांगलीच्या मार्केट यार्डात हिशेब लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांपुढे हमखास येतो. मी दोन्ही वापरून पाहिले आहेत.

संरक्षणापुरते बोलायचे तर रोजच्या कामात मला दोहोंत फरक जाणवला नाही. विंडोज ७ मधला डिफेंडर केवळ स्पायवेअरपुरता, म्हणजे गुपचूप माहिती चोरणाऱ्या प्रोग्रॅमपुरता होता. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस झाला. त्यामुळे ज्या दुकानांत अजून विंडोज ७ चालते, त्यांनी माझे म्हणणे स्वतःला लावून घेऊ नये.

माझा निर्णय झाला तो निराळ्याच कारणाने. हळदीचे सौदे आटोपले की शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी समोर उभा असतो, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आमचे सारे काम माउसला हात न लावता, एंटर दाबत दाबत चालते. नेमकी तेव्हाच नूतनीकरणाची खिडकी पुढे येई, वजनाचे आकडे टॅलीत न उमटता हवेत विरत, आणि पुढचा एंटर त्या खिडकीतल्या बटणावर पडून ब्राउझरमध्ये खरेदीचे पान उघडे. सूचना बंद करून ठेवल्या तरी ही एक आठवण थांबत नसे. धोक्याचा इशारा असता तर माझी तक्रार नव्हती. ही निव्वळ जाहिरात होती.

अर्थात पैसे भरल्यावर फोनवर मदत मिळते, आणि घरात वा दुकानात संगणकाचा जाणकार नसेल तर तेवढ्यासाठी खर्च करणे वावगे नाही.

काढायचे ठरल्यास नुसते फोल्डर डिलीट करू नये, कारण ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर बसणारे त्याचे भाग, मागे राहतात. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करून, उरलेसुरले त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. त्यानंतर डिफेंडर सहसा आपोआप चालू होतो. तरी विंडोज सिक्युरिटी उघडून एकदा खात्री केलेली बरी.

डिफेंडरही बंद करा, टॅली हलकी चालेल, असे सांगणारेही भेटतात. सेटिंग्जमधून बंद केलेले रिअल-टाइम प्रोटेक्शन (डिफेंडरची सतत चालणारी तपासणी) विंडोज काही वेळाने स्वतःच पुन्हा सुरू करते, आणि एकच पेनड्राइव्ह चार दुकाने फिरणाऱ्या आमच्या यार्डात मला तेच योग्य वाटते. टॅली फारच अडखळत असेल, तर फक्त तिच्या डेटाचे फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये, म्हणजे डिफेंडरने तपासू नये अशा यादीत घालावे. डाउनलोड्सचे मात्र कधीही नाही.