गेट मीच उघडायला लावलं: बनावट ट्रान्सपोर्टरने उचललेल्या मालाची हकीकत

"मॅडम, दारावरचं नाव रंगवलेलं नाही, चिकटवलेलं आहे," असं गेटवरचे काका म्हणाले तेव्हा गाडीत शेवटचा ड्रम चढत होता. शुक्रवारची संध्याकाळ, पुढे तीन दिवस सुट्टी, लोडिंगची माणसं घरी जायच्या घाईत. डिस्पॅच, म्हणजे माल बाहेर पाठवायचं काम, माझ्याकडे आहे, त्यामुळे शब्द माझा चालतो. मी म्हटलं, "काका, गाडी भाड्याची लावली असेल त्यांनी. सोडा." त्यांनी सोडली. आत बारा टन तांब्याची तार होती. त्यातला एकही ड्रम परत मिळाला नाही.

हे लिहायला मला बरेच महिने लागले. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका डिस्पॅचवाल्याचा फोन आला आणि त्याने सांगितलेली गोष्ट जवळजवळ आमचीच निघाली, म्हणून आता लिहिते आहे.

त्या दिवशी आमच्या नेहमीच्या ट्रान्सपोर्टरकडे गाडी नव्हती. माल निघणं तर भाग होतं. मी लोड, म्हणजे या मालाला गाडी हवी आहे अशी नोंद, एका ॲपवर टाकला. अर्ध्या तासात एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीच्या नावाने मेल आली. नोंदणीचा दाखला, विम्याचं प्रमाणपत्र, लेटरहेड, सगळं सोबत जोडलेलं. कंपनी खरीच आहे, तिचं नाव मी कितीतरी वर्षं ऐकते आहे. मेल मात्र त्या कंपनीतून आलेली नव्हती. पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं. ते मला मंगळवारी दिसलं.

मेलखाली दिलेल्या नंबरवर मी फोन केला होता. त्यालाच मी पडताळणी समजत होते. ज्याच्यावर शंका घ्यायची, त्यानेच दिलेल्या नंबरवर फोन करून त्यालाच विचारायचं की तू खरा आहेस का! पलीकडचा माणूस अदबीने बोलला, त्याला धंद्यातले सगळे शब्द माहीत होते. भाड्यावर त्याने घासाघीस केली नाही, मी सांगितलेला पहिला आकडा लगेच मान्य केला. तेव्हा मला बरं वाटलं. ज्याला माल पोचवायचाच नाही, त्याला डिझेलचा आणि परतीच्या रिकाम्या फेरीचा हिशोब कशाला लागतो, हे आता कळतं. त्याने बाकी प्रश्न खूप विचारले: ड्रम किती, एकेकाचं वजन किती, मालात तुमचा ट्रॅकर असतो का, गाडीसोबत कोणी येतं का. मी सगळी उत्तरं दिली.

गाडी आली तेव्हा काकांनी नियमाप्रमाणे ड्रायव्हरला पिकअप नंबर, म्हणजे माल उचलायला आलेल्याची ओळख पटवायचा नंबर, विचारला. त्याला तो माहीत नव्हता. त्याने कुणाला तरी फोन लावला, नंबर घेतला आणि वाचून दाखवला. जुळला. जुळणारच होता, कारण दुपारी तो नंबर मीच मेलने त्या भामट्यांना पाठवला होता. ओळख पटवायची खूण ज्या वाटेने चोराकडे जाते त्याच वाटेने परत आली, तर तिच्यातून काहीच सिद्ध होत नाही. या एका मुद्द्यावर मी जितका विचार केला आहे तितका बाकी कशावरही केला नसेल.

मग आम्ही गाडीच्या दाराला बोल्ट सील लावलं, म्हणजे कापल्याशिवाय निघत नाही असा लोखंडी खिळा. आयएसओ १७७१२ या सीलच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 'एच' वर्गाचं, म्हणजे सर्वांत मजबूत वर्गाचं. सीलचा नंबर बिल्टीवर, म्हणजे गाडीसोबत जाणाऱ्या मालाच्या कागदावर, लिहिला, ओढून आणि पिळून पाहिलं, फोटो काढला. सगळं नियमाबरहुकूम, आणि गाडी चुकीच्या माणसाच्या सांगण्यावरून उभी. सील चोराला अडवत नाही. दार मध्ये कुणी उघडलं का, एवढंच ते पुढच्याला सांगतं. आमच्या बाबतीत पुढचा म्हणजे माल घेणारा, आणि त्याच्यापर्यंत गाडी गेलीच नाही.

भामट्यांनी ट्रॅकिंगची लिंक पाठवली होती. शनिवारी दुपारपर्यंत ठिपका बरोबर रस्त्यावर होता. नंतर 'नेटवर्क नाही' असं दिसू लागलं. मला वाटलं, डोंगराचा भाग असेल. लिंक त्यांची, ठिपकाही त्यांचाच. मंगळवारी सकाळी ग्राहकाचा फोन आला की माल आलेला नाही. मग पहिल्यांदा मी त्या कंपनीच्या खऱ्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून फिरवला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, आमची गाडी तुमच्याकडे आलेली नाही. या महिन्यात असा हा तिसरा फोन आहे." त्यांचंही नाव चोरीला गेलं होतं.

साधारण तीन आठवड्यांनी पोलिसांना ड्रायव्हर सापडला. मी त्याला चोर समजून बसले होते. तो चोर नव्हता. गाडी त्याची स्वतःची, परवाना खरा, नंबरप्लेट खरी. त्याच भामट्यांनी त्याला दुसऱ्याच एका नावाने हे भाड्याचं काम दिलं होतं. 'पार्टीला कंपनीचं नाव दिसायला हवं' असं सांगून दारावर स्टिकर लावायला लावला. निघाल्यावर दोन तासांनी फोन आला की उतरवायची जागा बदलली आहे, ग्राहकाचं गोदाम भरलं आहे, माल अमुक आवारात उतरवा. तिथे माणसं तयार होती, त्यांनी सील कापलं, माल दुसऱ्या गाड्यांत भरला, पावतीवर सहीसुद्धा दिली. ती पावती त्याने जपून ठेवली होती. त्याचं भाडं आजवर बुडालेलं आहे.

गेटवर त्याचा परवाना कितीही वेळ तपासला असता तरी तो खराच निघाला असता. म्हणून 'ड्रायव्हरचं ओळखपत्र बघतो आम्ही' एवढ्यावर जे निर्धास्त असतात त्यांची मला काळजी वाटते.

विम्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोललं की अजून त्रास होतो. आमच्या पॉलिसीत चोरीला संरक्षण होतं, पण फसवणुकीला बळी पडून आपणच मालाचा ताबा दिला असेल तर भरपाई नाही, असं एक कलम होतं. आमच्यापैकी कुणीही ते वाचलेलं नव्हतं. आपली पॉलिसी आज काढा आणि हा मुद्दा एजंटकडून लेखी घ्या.

एका मोठ्या ग्राहकासाठी सुरक्षेची प्रश्नावली आम्ही आधीच भरलेली होती, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. माल वाहताना होणाऱ्या चोऱ्या रोखण्यासाठी १९९७ मध्ये टापा ही संघटना स्थापन झाली. तिचे गोदामासाठी वेगळे आणि ट्रकसाठी वेगळे नियम आहेत. आयएसओ २८००० हे पुरवठा साखळीच्या सुरक्षेचं मानक २००७ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये सुधारलं गेलं. अमेरिकेच्या कस्टम्सने २००१ मध्ये सुरू केलेल्या सी-टीपॅट कार्यक्रमात कंटेनर रिकामा असताना सात ठिकाणी तपासायला सांगतात: समोरची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, तळ, छत, दारं आतून-बाहेरून, आणि खालची चौकट. लोकांना अशा गोष्टी आठवतात, कारण त्या हाताने करता येतात. त्याच कार्यक्रमात आपण ज्यांच्याबरोबर धंदा करतो त्यांची छाननी करा, असंही सांगितलेलं आहे. ते काम कंटाळवाणं, फोनवर बसून करायचं. प्रश्नावलीत ओळ होती: नव्या वाहतूकदाराची स्वतंत्रपणे पडताळणी होते का? मी 'होय' वर खूण केली होती. खोटं लिहायचा हेतू नव्हता. आलेले कागद बघणं म्हणजेच पडताळणी, असं मला खरोखर वाटत होतं.

कागदावर विसंबणारे आम्ही एकटे नाही. १७ एप्रिल २०२३ रोजी टोरांटोच्या पीअर्सन विमानतळावरच्या माल-गोदामातून सुमारे ४०० किलो सोनं गेलं. झुरिकहून आलेल्या त्या ६,६०० लगडींची किंमत दोन कोटी कॅनेडियन डॉलरहून जास्त होती. ट्रक घेऊन आलेल्या माणसाने दाखवलेली वेबिल, म्हणजे विमानाने आलेल्या मालाची पावती, आदल्याच दिवशी उचलल्या गेलेल्या मासळीच्या खेपेची होती. तिच्यावर सोनं त्याच्या ताब्यात गेलं. आतल्या कर्मचाऱ्यांचाही हात होता, असा पोलिसांचा आरोप आहे. तरीही ही बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो क्षण येतो: कागद पुढे होतो, बघणारा मान हलवतो, दार उघडतं.

आता आमच्याकडे काय बदललं ते सांगते. नव्या ट्रान्सपोर्टरला लोड देण्याआधी त्याच्या कार्यालयाचा नंबर सरकारी नोंदीतून किंवा जुन्या बिलावरून शोधायचा, मेलमधला नंबर वापरायचा नाही. फोन करून विचारायचं: हा लोड तुम्ही घेतला आहे का, गाडीचा नंबर काय, ड्रायव्हर कोण? पिकअप नंबर मेलने जात नाही. गाडी निघायच्या दिवशी त्याच शोधलेल्या नंबरवर आम्ही तोंडी सांगतो. नव्या कंपनीला पहिली खेप कधीही तांब्याची देत नाही, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर कुठलीच नाही. एका ड्रमच्या आत आमचा स्वतःचा ट्रॅकर असतो आणि कोणत्या ड्रममध्ये ते दोनच माणसांना ठाऊक असतं. बिल्टीवर मोठ्या अक्षरांत छापलं आहे: उतरवण्याची जागा बदलल्याचा फोन आला तर या नंबरवर विचारल्याशिवाय गाडी वळवू नका. हे वाक्य ड्रायव्हरला आम्ही वाचूनही दाखवतो. त्या बिचाऱ्याला कुणी हे सांगितलं असतं तर त्याने नक्की फोन केला असता, असं मला त्याच्याशी बोलल्यावर वाटलं.

काकांना लेखी अधिकार दिला आहे. त्यांना शंका आली की गाडी थांबते, मी सांगितलं तरी सुटत नाही. सोडायची तर पडताळणीचा फोन झाल्याची नोंद आणि दोन सह्या लागतात. मध्यंतरी त्यांनी एक गाडी पावणेदोन तास थांबवली. ती खरी निघाली, ड्रायव्हर चिडला, ग्राहकाने मला सुनावलं. मी काकांना काही बोलले नाही, आणि कुणाला बोलूही दिलं नाही.

आणि जर माल गेलाच असेल, तर पहिल्या काही तासांत जे होईल तेच. तांबं लवकर वितळवतात, मग ते कुणाचं हे सांगता येत नाही. पोलीस, विमा कंपनी, ज्याचं नाव वापरलं ती कंपनी आणि ज्या ॲपवर लोड टाकला ते ॲपवाले, सगळ्यांना एकाच वेळी कळवा. त्या मेल आणि ते मेसेज पुसू नका, फोनच्या नोंदी तशाच ठेवा, कॅमेऱ्याचं चित्रण लगेच वेगळं काढून ठेवा. आमच्याकडे जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, थोडक्यात वाचलं. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन, सीलचा नंबर आणि प्रत्येक ड्रमचा क्रमांक एका पानावर आधीच तयार असू द्या. पोलिसांनी पहिल्यांदा तेच मागितलं, आणि मंगळवारी ते पान जुळवायला आम्हाला चार तास लागले.