सहा नव्हे, पाचच सोलर पॅनेल! (इंदिरानगर, नाशिक)

पहिला विक्रेता गच्चीवर न चढताच म्हणाला, "काका, पाच किलोवॅट घ्या, विषय संपला." दुसऱ्या दुकानातल्या पोराने आधी महावितरणचं बिल मागितलं. बारा महिन्यांचे युनिट त्याने पाठकोऱ्या कागदावर मांडले: मे महिन्यात 410, थंडीत 240, सरासरी 300. एक किलोवॅटला दिवसाला साधारण 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120. तीनशे भागिले एकशेवीस, अडीच किलोवॅट. 550 वॅटचे पाच पॅनेल लावले की पावणेतीन होतात. पावसाळ्यात वीज कमी बनते, पण इतर वेळी वापरून उरलेली वीज नेट मीटरवर (दिलेली आणि घेतलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) पुढे जमा राहते, हेही त्याने नीट सांगितलं.

सहावं घेतलं तर तीन किलोवॅटवर जाऊन केंद्राचं अनुदान पूर्ण 78,000 मिळतं, म्हणून मी हट्ट धरला. तो मला गच्चीवर घेऊन गेला. दुपारी तीनला शेजाऱ्यांच्या टाकीची सावली नेमकी सहावं पॅनेल बसेल त्याच कोपऱ्यात! गप्प बसलो.

तक्रार एकच. नेट मीटर "आठ दिवसांत" बसेल म्हणाले, लागला दीड महिना. तोवर बिल भरतच होतो, आणि बायकोचे टोमणेही. पाचपैकी चार तारे.