सीजे-३बीचे सुटे भाग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भाग बसवून आठ महिने झाले. यात गाडी निम्मी कच्च्या रस्त्यावर चालली. घाईत मत द्यायचं नव्हतं, कारण नवे भाग पहिल्या महिन्यात सगळेच गुणाचे असतात.

गाडी विलीज कंपनीची सीजे-३बी जीप, उंच बॉनेटवाली. बॉनेट उंच असण्याचं कारण खालचं हरिकेन इंजिन. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणून ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झालं. घनफळ मात्र दोन्हींचं १३४ घनइंच, आणि माझी पहिली फजिती इथेच झाली. "१३४ चं इंजिन" एवढंच सांगून गॅस्केट सेट मागवला आणि आला तो जुन्या इंजिनाचा. ऑइल चेंबरचं गॅस्केट बरोबर बसलं, हेडचं हातात राहिलं.

दुसरी चूक म्हणजे मी गाडीच्या सालावर विश्वास ठेवला. अमेरिकेत ही गाडी १९५३ ते १९६८ या काळात झाली. परवान्यावर भारतात महिंद्राने आणि जपानमध्ये मित्सुबिशीनेही ती बनवली. त्यात पन्नासेक वर्षांत प्रत्येक मालकाने हाताला लागलं ते जोडलेलं. चॅसिस नंबरावरून गाडी कारखान्यातून कशी निघाली ते कळतं, आज तिच्या पोटात काय आहे ते नाही.

ट्रान्सफर केसने, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीने, हे मला नीट शिकवलं. केस स्पायसर १८ मॉडेलची, म्हणून त्याचा रिपेअर किट मागवला. पण या केसच्या इंटरमीजिएट शाफ्टचे तीन व्यास आहेत: पाऊण इंच, एक इंच एक सूत आणि सव्वा इंच. सालाच्या हिशेबाने मी सव्वा इंची किट घेतला. केस उघडली तर आत एक इंच एक सूतवाला शाफ्ट, म्हणजे केसच कुठल्यातरी आधीच्या गाडीची. किट परत घेतला गेला नाही. त्या दिवसापासून व्हर्निअर कॅलिपर लावल्याशिवाय एकही ऑर्डर दिलेली नाही.

ब्रेकचं प्रकरण जास्त गंभीर. चारही व्हील सिलिंडर एका सेटमध्ये आले, दिसायला देखणे. बसवले आणि पावसाळी रस्त्यावर पहिल्याच जोरदार ब्रेकला मागची चाकं जॅम होऊन गाडीने शेपूट फिरवली. पुढचा सिलिंडर एक इंची आणि मागचा पाऊण इंची हवा होता; सेटमधले चारही एक इंची निघाले. फरक पाव इंचाचाच वाटतो, पण जोर ठरतो क्षेत्रफळावर, आणि ते होतं पावणेदोन पटीपेक्षा जास्त. विक्रेत्याचं उत्तर होतं, "सगळे हेच लावतात." मागचे बदलले, तेव्हापासून गाडी सरळ थांबते.

डबाबंद जुना मूळ माल घ्यावा का? धातूचा असेल तर डोळे मिटून घ्या. मूळचा शिफ्टर फोर्क घेतला तो असा बसला की गिअर पडताना फक्त टक् आवाज येतो. रबराचा मात्र नको. न वापरलेल्या मास्टर सिलिंडरचे वॉशर डब्यातच कडक झाले होते, तीन आठवड्यांत गळायला लागले. रबर नवंच असावं.

सगळ्यात स्वस्त आणि बिनतक्रार निघाल्या त्या बेअरिंगा. जीपचं नावच काढू नका, नुसता नंबर सांगा. पुढच्या डाना २५ ॲक्सलच्या किंग पिनला (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) ११५९० चा कोन (बेअरिंगचा आतला भाग) आणि ११५२० चा कप (बाहेरचं कडं) लागतो, आणि हे दोन्ही चांगल्या बेअरिंगवाल्याकडे मिळतात. जुने शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) फेकू नका. पिनचा ताण त्यांवरच बसवायचा असतो. माझं स्टिअरिंग थरथरायचं, ते यानंतर थांबलं. ऑइल सीलही मापानेच घ्या: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

मागचा ॲक्सल बदलायची वेळ आली तर आधी रेशो, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाकं एक फेरा घेतात ते, तपासा. पुढचा आणि मागचा जुळला नाही तर फोर व्हील ड्राइव्ह टाकल्यावर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात. पद्धत सोपी आहे. गिअर न्यूट्रलला, एक चाक उचला, त्याच ॲक्सलचं दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. साडेपाचाला थोडे कमी आले तर ५.३८, पाचाच्या जरा आत आले तर ४.८८. शाफ्टला खडूची रेघ मारून ठेवा, नाहीतर मोजताना हमखास चुकाल. मी दोनदा चुकलो.

आणि डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसल्यामुळे पान्यावर उभं राहून मी दोन स्टड तोडले. नवे मागवताना डावे-उजवे वेगळे सांगायला विसरलो, तेव्हा ते पुन्हा मागवावे लागले.

एवढं करूनही ट्रान्सफर केस रात्रभरात दोन-चार थेंब सोडतेच. खाली पत्र्याचा डबा ठेवलाय आणि महिन्यातून एकदा ऑइलची पातळी बघतो.