पेलिकन एम १००० : अकरा महिन्यांनंतर, एका जोडाक्षराच्या निमित्ताने

मागच्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी, कैफियतीचे सहावे पान संपत आले असताना, पेलिकन या जर्मन कंपनीचे माझे एम १००० हे शाईचे पेन टेबलावरून घरंगळले आणि शहाबादी फरशीवर नेमके निबेवर पडले. टोपण मागे लावलेले असते, तर त्यावरच्या चोचीच्या आकाराच्या क्लिपने ते वाटेतच अडले असते. पण टोपण मागे लावले की हे पेन साडेसतरा सेंटिमीटरांपर्यंत लांबते आणि त्याचा तोल अंगठ्याच्या बेचक्यातून मागे सरकतो, म्हणून टोपण मी नेहमी शेजारी काढून ठेवतो. अकरा महिने लिहू लिहू म्हणून राहून गेलेला हा अनुभव त्या पडण्यामुळे लिहिला जात आहे. मोजमापे आणि किमती तुम्हाला ठाऊक असतील असे धरून चालतो.

माझा उपयोग आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढची तक्रार अवास्तव वाटेल, आणि थोडी अवास्तव ती आहेच. मी दिवाणी बाजूचा वकील आहे. दावे, कैफियती आणि अर्ज यांचे कच्चे मसुदे मी मराठीत, हातानेच लिहितो. रोजची सात-आठ पाने होतात आणि माझी कनिष्ठ सहकारी ती संगणकावर उतरवते. माझे अक्षर नुसते मला वाचता येऊन भागत नाही. पेन मोठे हवे होते तेही हौसेपोटी नव्हे. बारीक पेन दोन तास धरले की मधल्या बोटाच्या पहिल्या पेराला जो खड्डा पडतो, त्याला मी कंटाळलो होतो.

निवड तिघांत होती. माँब्लांचे १४९, जे १९५२ पासून जवळजवळ त्याच रूपात चालत आले आहे; पेलिकनचे एम १०००, जे १९९७ मध्ये आले; आणि सेलर या जपानी कंपनीचे किंग ऑफ पेन. तिसरे मी पहिल्याच फेरीत बाद केले. त्याची २१ कॅरेटची निब अप्रतिम आहे हे मान्य आहे, पण एवढ्या देहाच्या पेनात शाई भरायची ती कन्व्हर्टरने, म्हणजे आत बसवायच्या छोट्या सुट्या नळीने, आणि त्यात मावणार ती अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास, ही गोष्ट माझ्या काटकसरी मनाला पटेना. घागर रांजणाएवढी आणि आत पाणी तांब्याभर, असा तो प्रकार वाटला. उरलेली दोन्ही पेने दट्ट्याची, म्हणजे शाई थेट पेनाच्या नळीतच ओढून घेणारी, दोन्हींच्या निबा १८ कॅरेटच्या आणि वजनांत एक-दोन ग्रॅमचाच फरक. किमतीतला फरक मात्र असा होता की त्यात घरात एक चांगला फ्रिज आला असता. फ्रिज आला नाही. पण पेलिकन आले, आणि तेही एफ निबेचे, कारण एफ म्हणजे बारीक अशी माझी समजूत होती.

पहिले दोन महिने मी या पेनाची स्तुती ऐकणाऱ्याला नको होईल इतकी केली. निब मोठी असल्यामुळे ती दाबाखाली किंचित लवते, आणि काना वरून खाली ओढताना कागदाचा प्रतिकार म्हणून काही जाणवतच नाही. हिरव्या पट्ट्यांच्या नळीतून शाई किती उरली ते उजेडाकडे धरले की दिसते. एका भरणीत सव्वा मिलिलिटरहून थोडी अधिक शाई बसते, म्हणजे साठ मिलिलिटरच्या बाटलीत चाळीसहून अधिक भरण्या होतात, हा हिशेब मी अशीलासमोर बसून केला होता आणि त्याला वाटले मी त्याच्याच जमिनीचे क्षेत्र काढतो आहे.

मग एके दिवशी टंकलिखित मसुद्यात ‘विरुद्ध’ऐवजी ‘विरुद्व’ असा शब्द आला. सहकाऱ्याने मूळ कागद पुढे केला आणि म्हणाली, “सर, तुम्हीच सांगा, हा ध आहे की व?” मी चष्मा सरकवून पाहिले. द च्या पोटात शिरलेल्या ध ची गाठ शाईने पूर्ण भरली होती आणि तिथे नुसता एक काळा ठिपका होता. तेव्हापासून मला या पेनात दुसरे काही दिसेनासे झाले.

रोमन लिपीत अक्षराचे पोट मोठे असते आणि एका रेघेला दुसरी रेघ फारशी भिडत नाही. जर्मन निबांची टोके त्या लिपीच्या मानाने घडवलेली असतात, त्यामुळे त्यांचे एफ हे जपानी पेनांच्या एमच्या, म्हणजे मध्यम निबेच्या, जवळ जाते. चिनी अक्षरांच्या दाट रेघा लिहिण्याची सवय असलेल्या जपानी कारागिरांनी टोक बारीक ठेवले, हे ओघानेच आले. देवनागरीची गरज या बाबतीत जपानी लिपीच्या जवळची आहे. आपल्याकडे भ, ध, थ यांना गाठी आहेत, ष च्या पोटात तिरकी रेघ आहे, द्ध आणि द्व यांच्यात फरक तो मोहरीएवढा, आणि या सगळ्यावर शिरोरेघ. रेघ नुसती जाड असती तरी एक वेळ अक्षर मोठे काढून भागले असते. पण एम १००० ओलेही लिहिते, म्हणजे टोकाच्या रुंदीपेक्षा अधिक शाई कागदावर ठेवते. शब्द लिहून झाला की आपण शिरोरेघ ओढतो, तेव्हा निब प्रत्येक अक्षराच्या ओल्या माथ्यावरून जाते, तिथली शाई पुढच्या माथ्याकडे नेते, आणि ‘समन्स’ या साध्या शब्दावर चार बारीक गुठळ्यांची माळ तयार होते. अनुस्वार तर शिरोरेघेला जाऊन चिकटतो. याचा दोष मी पेलिकनच्या माथी मारत नाही. हे पेन असेच लिहिते हे जगजाहीर आहे, आणि दुकानात मी ते वापरून पाहिले तेव्हा हौसेने इंग्रजीत सही केली होती. मराठीत ‘विरुद्ध’ लिहून पाहण्याची बुद्धी मला झाली नाही.

उपाय केले. शाई बदलली. मी लहानपणापासून कॅमलची निळी शाई वापरत आलो आहे. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या या घराशी माझे काही देणेघेणे नाही, पण ती शाई कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि तिचा खर्च जाणवत नाही. तिच्याऐवजी पेलिकनची ४००१ ही त्यामानाने कोरडी वाहणारी शाई घातली, तेव्हा गुठळ्या निम्म्या झाल्या आणि खर्च अनेक पटींनी वाढला. मग कागद बदलला, तेव्हा आणखी फरक पडला. पुढे जुलै लागला. आमच्याकडे साताऱ्यात जुलैत कागद दमट होतो, आणि कचेरीतला कागद तर हाताला भाकरीच्या पदरासारखा मऊ लागतो. त्यावर शाई धाग्याधाग्याने पसरली आणि मी जिथून सुरुवात केली होती तिथेच परत आलो.

एक उपाय मात्र खरोखर लागू पडला, तो म्हणजे शिरोरेघ शब्दागणिक न ओढता संपूर्ण ओळ लिहून झाल्यावर ओढणे. तोवर पहिले शब्द वाळलेले असतात. मोडी लिहिणारे कारकून आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगत. बोरूने लिहिताना त्यात किती शहाणपण होते, ते मला पाऊण लाखाच्या घरातले पेन हातात धरल्यावर कळले. पण वयाच्या बावन्नाव्या वर्षी हाताची सवय बदलणे कठीण असते. उलटतपासणीची टिपणे घेताना तर कोणतीही शिरोरेघ उरत नाही.

याच काळात आमच्या बारमधल्या एका ज्येष्ठ वकिलांनी त्यांचे जुने १४९ मला तीन आठवड्यांसाठी दिले. त्यांना मी साहेब म्हणतो, कारण उमेदवारी त्यांच्याकडे केली. त्या पेनाविषयी माझे मत दोनदा बदलले. पहिल्या आठवड्यात वाटले की मी चूक केली. १४९ हे दोन्ही टोकांना निमुळते होत गेल्यामुळे आकाराने एम १००० एवढे असूनही हातात आटोपशीर वाटते, आणि त्याची निब थोडी कडक असल्याने अक्षराची वळणे ताब्यात राहतात. माँब्लां शिखराची उंची म्हणून निबेवर कोरलेला ४८१० हा आकडा लिहिताना समोर दिसत राहतो, त्याचेही कौतुक वाटले. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आले की रेघ याचीही आमच्या द्ध साठी जाडच आहे. तिसऱ्या आठवड्यात मला त्या पेनाची भीती वाटू लागली. ते साहेबांचे होते, त्याची किंमत मला ठाऊक होती, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात कोणीही “जरा पेन द्या हो” म्हणाला की माझा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशावर जाई.

आता त्या शनिवारकडे येतो. पडल्यानंतर निबेचे एक पाते दुसऱ्यावर चढले होते आणि टोकाशी दोघांचे तोंड जुळत नव्हते. ज्या विक्रेत्याकडून पेन घेतले, त्याला मी छायाचित्रे पाठवून विचारले की निब पाठवू का; कारण एम १००० ची निब तिच्या खालच्या, शाई पुरवणाऱ्या जिभेसकट आट्यांवर बसवलेली असते आणि बाटलीच्या झाकणासारखी फिरवून काढता येते. उत्तर आले की संपूर्ण पेन, मूळ खोका आणि मूळ बिल हवे, नवी निब अठ्ठावीस हजारांची पडेल आणि तीन ते चार महिने लागतील. मी लिहिले की निब नवी नको, आहे ती सरळ करून द्या. उत्तर तेच आले. मी विचारले की जो भाग सुटा निघतो, त्यासाठी बाकीचे पेन कशाला हवे. तेव्हा धोरण असे आहे, असे कळवण्यात आले. अशा सात पत्रांनंतर मी नोटिशीचा मसुदा लिहायला घेतला, आणि तो बॉलपेनने लिहावा लागत आहे या रागात दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचलोही. मग पेन माझ्याच हलगर्जीपणाने पडले आहे आणि वादाला कारणच घडलेले नाही, हे अशीलाला सांगावे तसे स्वतःला सांगितले. आमची ही म्हणाली, “अहो, अठ्ठावीस हजारांत आणखी एक येईल की.” तिच्या दृष्टीने सगळी पेने सारखीच असतात.

शेवटी एका ओळखीच्या कारकुनाने पुण्यातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला. सत्तरीचे गृहस्थ, जिन्याखालची जागा, टेबलावर घड्याळजीचे भिंग. त्यांनी पेन हातात घेतले, नाव वाचलेही नाही, निब फिरवून काढली आणि भिंगाखाली धरली. गुळगुळीत तोंडाच्या लहान पकडीने आणि एका पितळी दांडीने त्यांनी चढलेले पाते थोडे थोडे दाबत परत जागेवर आणले. दर दोन दाबांनंतर भिंगातून पाहणे, अंगठ्याच्या नखावर टोक ओढून पाहणे, पुन्हा दाबणे. मग कागदासारखा पातळ पितळी पत्रा दोन पात्यांमधल्या फटीतून वरखाली फिरवला. पाऊण तास लागला. टोके जुळल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारले, “ओली ठेवू की कोरडी?”

हा प्रश्न मला आजवर कोणीही विचारला नव्हता. मी त्यांना द्ध ची हकिगत सांगितली. त्यांनी एका चिठोऱ्यावर स्वतःच ‘विरुद्ध’ लिहून पाहिले, मान हलवली, पाती खांद्यापाशी अगदी किंचित जवळ आणली आणि पुन्हा तोच शब्द लिहिला. असे चार वेळा केले. चौथ्या ‘विरुद्ध’ मध्ये ध च्या गाठीत कागदाचा पांढरा ठिपका दिसत होता. त्यांनी साडेचारशे रुपये घेतले.

तेव्हापासूनचे पाच आठवडे मी वेगळेच पेन वापरतो आहे असे म्हटले तरी चालेल. टोक तेच आहे, त्यामुळे रेघ जपानी पेनाएवढी बारीक झालेली नाही. पण शाई बेताची उतरते, शिरोरेघेवर गुठळी होत नाही आणि कॅमलची शाई परत आली आहे. निबेचा मऊपणा जसाच्या तसा आहे. तोटाही नमूद करतो. पूर्वी टोपण काढून पाच मिनिटे ठेवले तरी पहिले अक्षर उमटत असे. आता साक्षीदार उत्तर द्यायला दोन मिनिटे घुटमळला की पहिला काना कोरा जातो आणि कोपऱ्यात एक आडवी रेघ मारून घ्यावी लागते. एक भरणी पूर्वी तेवीस-चोवीस पाने पुरायची, ती आता तीसच्या आसपास जाते. दोन्हींपैकी काय हवे हे ज्याने त्याने ठरवावे. मला काय हवे हे उघड आहे.

१४९ की एम १००० असे मला कोणी आता विचारले, तर मराठी लिहिणाऱ्याला मी एम १००० सांगेन, आणि तेही मुख्यतः त्या सुट्या निघणाऱ्या निबेसाठी. हे मत मी दुरुस्तीनंतर बनवलेले आहे. त्याआधी विचारले असते, तर जपानी पेन घ्या आणि शाई दिवसातून दोनदा भरा, असे सांगितले असते. ज्यांना आकारच हवा आहे आणि खर्च नको, त्यांनी राजमहेंद्रीच्या रत्नमकडे वळावे. स्वदेशीच्या आग्रहातून १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या घराची हाताने कातलेली एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेने मोठी असतात. माझ्याकडे त्यांचे एक ड्रॉपरने शाई भरायचे आहे. शाई पाव हिस्सा उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब ढकलते, म्हणून ते निम्म्यावर आले की भरून घ्यावे लागते. एवढे पथ्य पाळले की त्याच्याविषयी तक्रार नाही.

माझी नवी रेघ पाहून साहेबांनी त्यांचे १४९ माझ्या हाती दिले आणि हेही तसेच करून आण म्हणाले. मी ते पुण्याला नेले. गृहस्थांनी निब फिरवून पाहिली नाही, पेन नुसते भिंगाखाली धरले आणि म्हणाले, “ही आतून कडीने आवळलेली असते. उघडायला तिचे वेगळे हत्यार लागते, ते माझ्याकडे नाही, आणि असल्या पेनावर मी नुसती पक्कड चालवणार नाही.” पैसे घेतले नाहीत. सोमवारी मी पेन साहेबांना परत दिले तेव्हा त्यांना फारसे वाईट वाटलेले दिसले नाही. त्यांनी टोपण काढले, समोरच्या वकीलपत्रावर सही केली आणि पेन खिशात ठेवले. ते त्या पेनाने फक्त सही करतात, आणि त्यांच्या नावात जोडाक्षर नाही.