ब्लॅकस्टोनचा १७८३ चा संच : कागद ठणठणीत, कातडे थकलेले

इंग्लिश कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोनच्या 'कॉमेंटरीज ऑन द लॉज ऑफ इंग्लंड' या इंग्लंडच्या कायद्यावरील ग्रंथाची नववी आवृत्ती, लंडन, १७८३. चार खंड, ऑक्टेव्हो आकार, म्हणजे छापील ताव दुमडून आठ पाने केलेला. ब्लॅकस्टोन १७८० साली वारला. त्याच्या अखेरच्या दुरुस्त्या या आवृत्तीत आहेत, पुढची भर कायद्याचा लेखक रिचर्ड बर्नने घातली. ऑक्सफर्डची पहिली आवृत्ती (१७६५-६९) ज्यांना परवडत नाही, त्यांनी हीच घ्यावी.

विक्रीला आलेल्या या संचाची स्थिती विक्रेत्याने 'गुड' लिहिली आहे. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात 'गुड' म्हणजे चांगले नव्हे. वापरून झिजलेले, पण वाचता येईल असे.

कागद मात्र अव्वल. चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने गाळलेला. पान उजेडासमोर धरले की समांतर रेषांची जाळी दिसते. कोपरा दुमडला तरी तुटत नाही. शंभर वर्षांनंतरची लाकडी लगद्याची पुस्तके याच्यापुढे पापडासारखी. तांबूस ठिपके आहेत, पण कडेपुरते. सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर उमटलेली तपकिरी चौकट पुठ्ठ्यावर आत दुमडलेल्या कातड्यातल्या आम्लाची. ती मजकुरापर्यंत जात नाही.

पाने पुरी आहेत का, हे नुसते पृष्ठांक पाहून ठरवू नका. पानाच्या तळाशी असलेली जुळणीची (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याची) अक्षरे क्रमाने आहेत का पाहा, आणि तळाशीच छापलेला पुढच्या पानाचा पहिला शब्द त्या पानाशी ताडून पाहा. एक जुळणी आठ पानांची, म्हणजे १६ पृष्ठांची. अक्षरांत जे आणि डब्ल्यू नसतात, यू-व्हीपैकी एकच असते. ती खोट नव्हे.

खरी अडचण बांधणीत आहे. फिक्या वासराच्या कातड्याची ही साधी 'लॉ काफ' बांधणी. सांध्यावर, म्हणजे पुठ्ठा कण्याला जुळतो तिथे, कातडे तासून पातळ केलेले असते आणि उघडझाप तिथेच होते, म्हणून तडा आधी तिथेच जातो. पहिल्या व तिसऱ्या खंडाचे सांधे तडकलेत, पण आतल्या दोऱ्यांनी पुठ्ठे धरून ठेवले आहेत. चौथ्याचा पुढचा पुठ्ठा सुटा आहे. कण्याचे वरचे टोक चारही खंडांत फाटलेले, कारण फळीवरून पुस्तक काढताना लोक तिथेच बोट अडकवतात. शेजारच्या पुस्तकांना थोडे मागे सारून कणा मधोमध धरावा.

मन खट्टू होते ते दुसऱ्या खंडापाशी. वारसाहक्काचा घडीचा तक्ता घडीवर फाटला आहे आणि कुणीतरी तो सेलोटेपने चिकटवला आहे. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरला आहे. टेप ओढून काढू नका, शाईसकट कागदाचा पापुद्रा निघेल. हे काम कागद-संवर्धकाचे. त्यानंतर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ पुरते. विक्रेत्याच्या वर्णनात या टेपचा उल्लेखही नाही, आणि किमतीत घासाघीस करायची ती याच मुद्द्यावर.

कातड्याला खोबरेल किंवा बुटाचे पॉलिश लावू नये. डाग पडतात, धूळ चिकटते. पांढरे सुती कापड हलकेच फिरवा. लालसर भुकटी आली तर कातडे कुजते आहे. त्यावर अल्कोहोलमध्ये विरघळवलेले क्लुसेल जी, म्हणजे भुकटी धरून ठेवणारे सेल्युलोजचे द्रव्य, लावतात. या संचाची भुकटी निघत नाही. सुट्या पुठ्ठ्याला रबरबँड नको, रुंद सुती फीत बांधा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात खंड भिंतीला टेकवून ठेवू नका. मागे चार बोटे हवा खेळू द्या आणि आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर खळीवर बुरशी धरते.