गरोदरपणात आलं की ज्येष्ठमध?

तिसरा महिना, सकाळी ब्रश तोंडात घातला की उमळ येते आणि त्यात घसाही खवखवतोय. घरातून दोन सल्ले हमखास येतात: आल्याचा तुकडा चघळ, नाहीतर ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धर. दोन्ही आपल्या घरातलीच. तरी माझं मत स्पष्ट आहे. आलं घ्या, ज्येष्ठमध बाळंत होईपर्यंत डब्यातच राहू द्या.

गरोदरपणातल्या मळमळीवर आलं बऱ्याचदा तपासलं गेलंय. अभ्यासांत साधारणपणे दिवसाला 1 ग्रॅम सुंठपूड देतात, 250 मिलिग्रॅमचे चार भाग करून. म्हणजे चहाचा अर्धा चमचा, तोही सपाट आणि दिवसभरात मिळून. मळमळ कमी होते, उलट्या थांबतीलच असं नाही. छातीत जळजळ होत असेल तर बेतानं घ्या. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर चहा-भाजीतलं आलं चालेल, पण सुंठ औषधासारखी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि पाण्याचा घोटही टिकत नसेल, तर आलं किसत बसू नका, दवाखाना गाठा.

ज्येष्ठमधाची गोडी ग्लायसिरायझिन या घटकाची. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक निकामी करणाऱ्या एन्झाइमला ते अडवतं, त्यामुळे रोज खाल्लं तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. वारेतलं हेच एन्झाइम बाळाला आईच्या कॉर्टिसॉलपासून जपत असतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या लोक आवडीनं खातात. तिथल्या अभ्यासात आठवड्याला 500 मिलिग्रॅमहून जास्त ग्लायसिरायझिन पोटात गेलेल्या आयांची बाळंतपणं थोडी लवकर झालेली दिसली. एखादी कांडी चघळून झाली असेल तर घाबरू नका, फक्त रोजची सवय नको. खोकल्याच्या बाटलीवर यष्टिमधु किंवा मुलेठी लिहिलेलं असतं, ते हेच. घशाला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरतात.

बद्धकोष्ठाला इसबगोल की कोरफड, हा प्रश्नही पाठोपाठ येतोच. इसबगोल रक्तात शोषलं जात नाही, नुसतं फुगतं. पेलाभर पाण्याबरोबर घ्या. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा कडू चीक मात्र जहाल रेचक आहे, तो पोटात नकोच. झोपेसाठी अश्वगंधाही नको, गर्भपाताची भीती असल्यानं ती टाळायलाच सांगतात.