फीटल इको डॉपलर (पोटातल्या बाळाच्या हृदयाची आणि रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करून घेतला, नक्की रेकमेंड करेन
ताईला आधीपासून डायबेटिस आहे म्हणून डॉक्टरांनी फीटल इको सांगितला, हा साधारण १८ ते २४ आठवड्यांत करतात. मॅडमनी अजिबात घाई केली नाही, बाळ पाठ करून झोपलेलं होतं तर ताईला जरा फिरून यायला सांगितलं आणि मग परत नीट बघितलं. कलर डॉपलरमध्ये लाल निळं दिसतं ना, तर लाल म्हणजे शुद्ध रक्त असं नसतं हं, प्रोबकडे (पोटावर फिरवतात त्या उपकरणाकडे) येणारं रक्त लाल आणि लांब जाणारं निळं. झडपा गळत नाहीत ना ते बघितलं, आणि डक्टस व्हेनोसस नावाच्या छोट्याशा नळीचा ग्राफ तर थांबवून समजावला की हृदयाचा वरचा कप्पा आकुंचन पावतो तेव्हासुद्धा रक्त पुढेच जायला हवं, उलटं जायला लागलं तर हृदयावर ताण असू शकतो. ठोके १४० च्या आसपास होते, नॉर्मल ११० ते १६०. घरगुती डॉपलर मशीनवर फक्त ठोके ऐकू येतात, हृदय कसं काम करतंय ते कळत नाही, त्यामुळे बाळाची हालचाल कमी वाटली तर त्यावर ठोके ऐकून घरी थांबू नका प्लीज, लगेच दाखवा. वेटिंग मात्र खूप आहे, अपॉइंटमेंट आधीच घ्या.